चारी चाकांत अडकलेली गाडी : दोष कसा ओळखावा व काय करावें

नाशिकच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा रस्त्याच्या अंगास असलेलें अंबड हें गांव आज शेतीपेक्षां औद्योगिक वसाहतीच्या नांवानेंच अधिक ओळखलें जातें. तथापि पाथर्डी, विल्होळी, गौळाणें या बाजूचे बागाईतदार अद्यापि आपले ट्रॅक्टर व जीपगाड्या दुरुस्तीसाठीं अंबडच्याच लहानमोठ्या कारखान्यांकडे आणतात. लेथ, दांते पाडणारीं यंत्रें, सांधे जोडणारे कारागीर हे सर्व तेथें हाकेच्या अंतरावर मिळतात. या कारागिरांकडे येणाऱ्या तक्रारींपैकीं एक तक्रार दर पावसाळ्यानंतर हटकून ऐकूं येते. ती अशी कीं, "फोर व्हील लागतें, पण सुटत नाहीं." चिखलांत गाडी रुतली म्हणून दांडा ओढून चारी चाकांस बळ दिलें, गाडी बाहेर आली, आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर दांडा जागचा हलेना, असा हा प्रकार आहे.

या तक्रारीकडे दुर्लक्ष करणें परवडण्यासारखें नाहीं. द्राक्षबागाईतदाराची आश्विन-कार्तिकांतील स्थिति वाचकांस ठाऊकच आहे. छाटणी झालेली असते, पोंगे फुटलेले असतात, आणि अवेळीं पाऊस पडून गेला कीं केवड्याची भीति उभी राहते. अशा वेळीं फवारणीस एक दिवसाचा उशीरही सोसवत नाहीं. ब्लोअर ओढणारा लहान ट्रॅक्टर जर त्या दिवशीं ग्यारेजांत उभा राहिला, तर वर्षाचें पीक दैवावर सोंपवावें लागतें. उलटपक्षीं, अडकलेली गाडी तशीच रेटून रस्त्यावर चालविली तर टायर झिजतात, पुढच्या आंसाचे दांते तुटतात, व सुकाणूं जड झाल्यामुळें रहदारीच्या रस्त्यावर अपघाताचें भय असतें. तिसरी हानि खर्चाची. ज्या दोषास दहा रुपयांची पिन पुरली असती त्यासाठीं गिअरपेटी उघडून हजारों रुपये घालविल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. म्हणून हा दोष पायरीपायरीनें कसा शोधावा, याचें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या यंत्राचा आपल्याकडील पूर्वेतिहास

चारी चाकांस बळ देणारी गाडी आपल्याकडे परिचयाची झाली ती दुसऱ्या महायुद्धांतील जीपगाडीमुळें. विलीस कंपनीची लष्करी जीप १९४१ सालापासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागली. पुढें १९४५ सालीं लुधियाना येथें पोलादाच्या व्यापारासाठीं निघालेल्या व नंतर महिंद्र अँड महिंद्र या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें १९४७ च्या सुमारास विलीस जीप हिंदुस्थानच्या रस्त्यांवर आणली. याच कंपनीचा मोटारींचा एक कारखाना अंबडच्या शेजारीं सातपूर येथें आहे, व २०२० सालीं बाजारांत आलेली नवी थार गाडी तेथेंच तयार होऊं लागली. अंबडच्या वसाहतींतील कित्येक लहान कारखाने मोटारींचे सुटे भाग तयार करितात. यावरून या विषयाची माहितगार माणसें आपल्या दाराशींच आहेत हें ध्यानांत येईल. परंतु शेतकऱ्यास स्वतःला यंत्राचें तत्त्व समजलें नसेल, तर माहितगार माणसासही तो आपलें दुखणें नीट सांगूं शकत नाहीं.

पीळ कसा बसतो

खळ्यावर पात धरलेली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें तत्त्व सांगण्यास फार शब्द नकोत. तिवड्याजवळचा बैल थोडें चालतो व बाहेरचा बैल पुष्कळ चालतो. दोघांनीं सारखींच पावलें टाकावीं असा हट्ट धरला, तर एकास फरफटावें लागेल किंवा दावें तरी तुटेल. गाडीचें तसेंच आहे. वळण घेतांना पुढच्या आंसास मागच्या आंसापेक्षां अधिक लांब वाट चालावी लागते. जुन्या लष्करी जीपच्या दोन आंसांमधील अंतर ६ फूट ८ इंच होतें. तिच्या मागच्या आंसाचा मध्य २० फूट त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरला, तर एका पूर्ण फेऱ्यांत तो सुमारें १२६ फूट चालतो आणि पुढच्या आंसाचा मध्य सुमारें १३२॥ फूट चालतो. म्हणजे साडेसहा फुटांचा फरक पडला. हा फरक चाकाच्या जवळजवळ एका फेऱ्याइतका आहे.

गाडी दोन चाकांच्या बळावर चालत असतां पुढचीं चाकें मोकळीं असतात, म्हणून हा फरक कोणास जाणवत नाहीं. चारी चाकांस बळ दिलें कीं ट्रान्सफर केसमधील एक सरकती बांगडी पुढचा व मागचा दांडा दांत्यांनीं एकमेकांस जखडून टाकते. मग दोन्ही दांड्यांस सारखेच फेरे घ्यावे लागतात. चिखलांत, वाळूंत किंवा नांगरलेल्या ढेकळांत चाकें थोडीं घसरतात व फरक तेथेंच विरून जातो. परंतु कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर टायर घसरत नाहीं. फरक जाणार कोठें? तो दांडे, सांधे व आंस यांत पीळ होऊन बसतो. सुंभाला दोन्ही टोकांनीं पीळ द्यावा तसा हा प्रकार होतो. हा पीळ बांगडीच्या दांत्यांवर इतका दाब आणतो कीं हाताच्या जोरानें ती सरकत नाहीं. म्हणून दांडा अडकला याचा अर्थ यंत्र मोडलें असा नव्हे. पुष्कळदां यंत्र शाबूत असतें व केवळ पीळ सोडविणें एवढेंच काम असतें.

प्रथम खात्री करून घ्यावी

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं गाडी खरोखरच चारी चाकांत अडकली आहे कीं केवळ दिवा तसें सांगत आहे, हें पाहावें. नव्या गाड्यांत चारी चाकांचें बळ दर्शविणारा दिवा एका लहान खटक्यावर चालतो. तो खटका बिघडला किंवा त्यांत पाणी शिरलें, तर बळ सुटलें असूनही दिवा जळत राहतो.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट व कठीण जागीं उभी करावी. इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरांत ठेवावी, हाताचा ब्रेक ओढावा, व मागच्या दोन्ही चाकांस पुढून-मागून दगडाची उटी लावावी. मग पुढचें एक चाक जॅकनें जमिनीपासून दोन बोटें उचलावें आणि आंसाखालीं लांकडाचा भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. आतां तें उचललेलें चाक हातानें फिरवून पाहावें. तें सहज फिरलें व त्याबरोबर पुढचा प्रोपेलर शाफ्टही फिरूं लागला, तर बळ सुटलेलें आहे व दोष दिव्याचा आहे. चाक थोडें हलून घट्ट थांबलें, तर बळ खरोखरच अडकलें आहे. चाक फिरतें परंतु शाफ्ट फिरत नाहीं असें दिसलें, तर चाकाचा हब मोकळा आहे किंवा आंतील आंस तुटला आहे असें समजावें. या परीक्षेंत इंजिन चालूं करूं नये. एक चाक हवेंत असतां इंजिन लाविलें तर बाकीचीं चाकें जमिनीस धरून गाडी ठोकळ्यावरून उडी घेईल व जवळचा माणूस जायबंदी होईल.

दुसरी एक गोष्ट येथेंच पाहावी. बहुतेक गाड्यांत मंद गतीचा, म्हणजे 'लो'चा, निराळा टप्पा असतो. जुन्या जीपमध्यें पुढच्या चाकांचा दांडा व मंद गतीचा दांडा असे दोन दांडे असत, आणि मंद गती लागलेली असेतोंवर पुढच्या चाकांचें बळ सुटूं नये अशी आंत अडसराची योजना होती. ही योजना शहाणपणाची आहे. कारण मंद गतींत मिळणारा सर्व जोर एकट्या मागच्या आंसावर पडला तर तो तुटेल. परंतु चालकास हें ठाऊक नसलें म्हणजे तो दांड्याशीं झटापट करितो व यंत्रास दोष देतो. म्हणून प्रथम गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, मंद गती सोडवावी व मगच पुढच्या चाकांचा दांडा हलवावा.

पीळ सोडविण्याची रीत

मंद गती सुटली तरी दांडा येत नसेल, तर पीळ बसला आहे असें धरून चालावें. अशा वेळीं कित्येक चालक दांड्यास लोखंडी नळी घालून ओढतात किंवा त्यावर हातोडा मारतात. असें कदापि करूं नये. दांडा व बांगडी यांच्यामधील काटा वांकला कीं अर्ध्या घटकेच्या कामाचें चार दिवसांचें काम होतें.

गाडी ज्या वाटेनें व ज्या वळणानें आली, त्याच वाटेनें ती दहा-वीस फूट हळूहळू मागें न्यावी. दोराचा पीळ उलट फिरविल्यानें सुटतो, तसाच हाही सुटतो. मागें जात असतां दुसऱ्या हातानें दांडा दोन चाकांच्या बाजूस हलकेच धरून ठेवावा व मध्येंच क्लच दाबावा. ज्या क्षणीं दांत्यांवरील दाब नाहींसा होतो त्या क्षणीं दांडा आपण होऊन सुटतो. एकदां न जमल्यास दोन-तीन वेळां मागेंपुढें करावें. जवळ मऊ माती असेल तर एका बाजूचीं दोन्ही चाकें तिच्यावर घेऊन पांच-पन्नास पावलें सरळ चालावें. चाकें तेथें थोडीं घसरून पीळ निघतो. यानेंही काम न झाल्यास वर सांगितल्याप्रमाणें पुढचें एक चाक उचलावें. पीळ असेल तर जमिनीपासून सुटतांच चाक एकदम गर्रकन फिरतें. म्हणून हात व पाय दूर ठेवावे. चाक असें फिरलें म्हणजे दांडा बहुधा मोकळा होतो.

बाहेरील कडी व पिना

पीळ काढूनही दांडा सुटला नाहीं, तर दोष दांड्यापासून पेटीपर्यंतच्या बाहेरील जोडणींत शोधावा. आंत पाहण्यापूर्वीं बाहेर पाहणें हा दुरुस्तीचा पहिला धर्म होय. लहान ट्रॅक्टराच्या पोटाखालीं चिखल साठून वाळतो व तो विटेसारखा कठीण होतो. कड्यांचे सांधे गंजतात, पिना झिजतात, बुश निघून जातात, लोखंडी सळई दगडास लागून वांकते. फवारणीच्या औषधांनीं, विशेषतः मोरचुदानें, उघडें लोखंड लौकर खाल्लें जातें हेंही बागाईतदारांनीं ध्यानांत ठेवावें.

इंजिन बंद करून व उटी लावून प्रथम सर्व भाग पाण्यानें धुवावा. मग पेटीच्या अंगास जो लहान हात बाहेर आलेला असतो त्याची पिन काढून सळई सोडवावी व तो हात पान्यानें हलकेच हलवून पाहावा. तो हात सहज हलला व बळ सुटलें, तर दोष नक्की बाहेरच्या जोडणींत आहे. मग पिन, बुश किंवा सळई बदलावी, ग्रीस द्यावें, व पुस्तकांत दिल्याप्रमाणें सळईची लांबी जुळवावी. लांबी चुकली तर बांगडी अर्धवट सरकते व दांत्यांचीं टोकें झिजतात. हात मुळींच हलला नाहीं, तर दोष पेटीच्या आंत आहे.

तार, नळी व तेलाचा दाब

नव्या मोटारींत दांड्याच्या जागीं बटण आलें आहे, व बांगडी सरकविण्याचें काम एक लहान विजेची मोटर करिते. येथें पहिला संशय बॅटरीवर व फ्यूजवर घ्यावा. बॅटरी उतरलेली असली तर मोटर अर्ध्या वाटेंत थांबते. त्यानंतर तारा, खटके व मोटरीवरील जोड पाहावे. गाडी उभी असतां उंदीर तारा कुरतडतात हा अनुभव शेतावर कोणास नाहीं? बटण दाबल्यावर दिवा लुकलुकत राहिला तर बदल अपुरा आहे असें समजून गाडी कांहीं अंतर सरळ व सावकाश चालवावी. बटण कोणत्या वेगांत दाबावें व मंद गतीसाठीं गाडी थांबविणें जरूर आहे कीं काय, हें प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. तें चालकास वाचून दाखवावें. कांहीं गाड्यांत पुढची जोडणी इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालते. तेथें रबरी नळीस बारीक चीर पडली तरी काम अडतें. अशी नळी बोटांनीं वांकवून तपासावी.

मोठ्या ट्रॅक्टरांच्या बाबतींत एक निराळीच गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यांपैकीं कित्येकांत पुढच्या चाकांचा क्लच स्प्रिंगेच्या जोरानें लागलेलाच असतो व तेलाच्या दाबानें तो सोडविला जातो. म्हणजे तार तुटली, फ्यूज उडाला किंवा तेलाचा दाब गेला, तर ट्रॅक्टर दोन चाकांत न येतां चारी चाकांतच राहतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे. ट्रॅक्टराचे ब्रेक बहुतेक मागच्या चाकांवरच असतात. पुढचीं चाकें जोडलेलीं असलीं म्हणजे उतारावर चारी चाकांस ब्रेक लागतो. अशा ट्रॅक्टराचा मालक दांते तपासण्यासाठीं पेटी उघडूं लागेल, आणि दोष मात्र एका फ्यूजमध्यें असेल. म्हणून आपल्या ट्रॅक्टराची रचना कोणती हें विकत घेतांनाच विचारून ठेवावें.

टायरांचा हिशेब

ट्रॅक्टराच्या पुढच्या लहान चाकांचा वेग मागच्या मोठ्या चाकांशीं जुळवितांना कारखानदार पुढच्या चाकांस किंचित् अधिक धांव देतात. सामान्यतः ती शेंकडा १ ते ५ असते. त्यामुळें पुढचीं चाकें ओढीस पुढाकार घेतात. परंतु टायरांचा आकार बदलला कीं हा हिशेब बिघडतो. मग ट्रॅक्टर सरळ चालत असतांही पीळ बसत राहतो व दांडा वारंवार अडकतो.

हा हिशेब कोणासही घरच्या घरीं तपासतां येतो. सर्व टायरांत पुस्तकाप्रमाणें हवा भरावी. मागच्या व पुढच्या एकेका टायरास खडूनें खूण करावी. कठीण व सपाट जागीं, चारी चाकांचें बळ सोडून, ट्रॅक्टर सरळ व सावकाश चालवावा आणि मागच्या चाकाचे १० फेरे होईतोंवर पुढच्या चाकाचे किती फेरे झाले हें बाजूनें चालणाऱ्यानें मोजावें. मग चारी चाकांचें बळ लावून तेवढ्याच अंतरासाठीं तसेंच मोजावें. समजा, पहिल्या वेळीं १६ व दुसऱ्या वेळीं १६॥ फेरे आले. फरक अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे शेंकडा सुमारें ३ चा झाला. हें ठीक आहे. परंतु पहिल्या वेळीं १५। व दुसऱ्या वेळीं १६॥ आले, तर फरक शेंकडा ८ च्या वर जातो. तेथें टायरांची जोडी चुकली आहे. दुसरा आंकडा पहिल्यापेक्षां लहान आला, तर पुढचीं चाकें मागें रेंगाळत आहेत व तेंही वाईटच. मोजणी संपतांच ट्रॅक्टर मऊ मातीवर नेऊन बळ सोडवावें.

आमच्या एका सभासदाच्या २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टराचा दांडा गेल्या हंगामांत दर आठ-पंधरा दिवसांनीं अडकूं लागला. एका ठिकाणीं पेटी उघडून पाहिली, दांते नवे घातले, तरी दोष गेला नाहीं. शेवटीं वरीलप्रमाणें फेरे मोजले तेव्हां कळलें कीं, पुढचे टायर बदलतांना दुकानांत मिळाले म्हणून एक आंकडा मोठे टायर बसविले होते, आणि मागचे टायर तर झिजून गुळगुळीत झालेले होते. पुढचा टायर मोठा व मागचा झिजलेला अशीं दोन्ही कारणें एकाच दिशेनें काम करीत होतीं. योग्य मापाचे टायर घातल्यावर तक्रार बंद झाली. दांत्यांचा खर्च मात्र व्यर्थ गेला. दांते तपासण्यापूर्वीं खडूचा तुकडा हातांत घेतला असता, तर तो वांचता.

जीप व मोटारींतही चारी टायर एकाच मापाचे व जवळजवळ सारखेच झिजलेले असावे. एकच नवा टायर घालून बाकीचे तीन जुने ठेवणें हें काटकसरीचें दिसतें, परंतु ट्रान्सफर केसला तें महाग पडतें.

आंतील बिघाड केव्हां समजावा

पीळ काढला, कड्या तपासल्या, तारा व टायर पाहिले, आणि तरीही बळ सुटत नाहीं, तर आंतील बिघाड मानावा. बांगडी सरकविणारा काटा वांकतो, त्याच्या टोंकाच्या गाद्या झिजतात, त्यास जागीं धरणारी गोळी किंवा स्प्रिंग तुटून मध्यें अडकते, किंवा दांत्यांचीं टोकें चेपून त्यांस कंगोरे येतात. यांपैकीं काय झालें आहे याची चाहूल तेलावरून लागते. तेलाची चकती उघडून थोडें तेल स्वच्छ भांड्यांत घ्यावें. तें दुधट असलें तर पाणी शिरलें आहे. त्यांत चमकणारा कीस असला तर दांते किंवा बेअरिंग झिजत आहे. तेल कमी असलें तर तेवढेंही कारण पुरेसें आहे. पाणी शिरण्याची वाट बहुधा पेटीच्या माथ्यावरील हवेच्या नळीची असते. ओढ्यांतून गाडी नेल्यावर तापलेली पेटी एकदम थंड होते व तुंबलेल्या नळीमुळें सांध्यांतून पाणी आंत ओढलें जातें.

हें काम शेतावर करूं नये. जाणत्या मिस्त्रीकडे गाडी न्यावी, व त्यास आपण आतांपर्यंत काय काय तपासलें हें क्रमानें सांगावें. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावे. दांत्यांचीं टोकें चेपलेलीं दिसलीं तर सळईची लांबी चुकलेली होती किंवा चालक गाडी धांवत असतां दांडा ओढीत होता, हें त्यावरून कळतें. मूळ कारण न काढतां नवा भाग घातला तर तोही त्याच वाटेनें जातो.

गाडी कारखान्यापर्यंत नेण्याचा प्रश्न उरतो. ज्या जीपच्या पुढच्या हबांस हातानें मोकळे करण्याच्या चकत्या आहेत, तिच्या दोन्ही चकत्या मोकळ्या कराव्या. म्हणजे आंतील बळ अडकलेलें असूनही पुढचीं चाकें सुटीं होतात व गाडी सावकाश रस्त्यानें नेतां येते. चकत्या नसतील तर गाडी चारही चाकांसह मालट्रकवर घालून न्यावी. दोन चाकें उचलून व दोन जमिनीवर ठेवून ती ओढून नेऊं नये. तसें केल्यास उरलेसुरले दांतेही निकामी होतील.

पुढें असें होऊं नये म्हणून

चारी चाकांचें बळ फक्त निसरड्या जमिनीवर वापरावें, व डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वीं, चाकें अद्यापि मातींत असतांनाच, तें सोडवावें. बागेंत ओळीच्या शेवटीं आंखूड वळण घ्यावयाचें असेल व जमीन कोरडी असेल, तर वळणापूर्वीं दांडा काढावा. दांडा लावतांना व काढतांना चाकें सरळ असावीं, आणि एखादें चाक जागच्या जागीं घसरत फिरत असतां तो कधींही लावूं नये. मात्र भरलेली ट्रॉली घेऊन निसरड्या उतारावरून येतांना ट्रॅक्टराच्या पुढच्या चाकांचें बळ काढूं नये. तेथें तें ब्रेकास साहाय्य करितें.

उन्हाळ्यांत महिनोन् महिने दांडा वापरला जात नाहीं व सांधे गंजून बसतात. म्हणून महिन्यांतून एकदां मऊ शेतांत शंभर पावलें चारी चाकांचें बळ लावून परत काढावें. पेटीचें व पुढच्या आंसाचें तेल पुस्तकांतील मुदतीनें बदलावें. फवारणीचा हंगाम संपतांच ट्रॅक्टराचें पोट धुऊन सांध्यांस ग्रीस द्यावें. टायरांची खरेदी जोडीनें व पुस्तकांतील मापानेंच करावी.

शेवटीं मालकांस एक विनंती आहे. ट्रॅक्टर मालकाचा असतो, पण दांडा बहुधा गड्याच्या किंवा घरांतील तरुण मुलाच्या हातांत असतो. गाडी अडकली कीं त्याच्यावर रागावण्याचा प्रघात आहे, व त्या भीतीनें तो दोष सांगत नाहीं, उलट दांड्यावर जोर करून बघतो. त्याला एकदां खळ्यावरील बैलांचा दाखला देऊन पीळ कसा बसतो हें समजावून द्यावें, उटी व ठोकळा यांवांचून गाडीखालीं जाऊं नये अशी सक्त ताकीद द्यावी, आणि दांडा जड लागतांच येऊन सांगण्याची त्यास मोकळीक असावी. बैलाच्या खांद्यावरचें आवाळूं वेळीं दाखविणारा गडी आपण मोलाचा मानीत आलों. यंत्राच्या बाबतींतही तोच न्याय लावला, तर ऐन फवारणीच्या दिवशीं गाडी दारांत अडकून बसण्याची वेळ सहसा येणार नाहीं.